पोटदुखीचे मूळ इंग्रजीत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आळीतले पिठाच्या गिरणीचे मालक आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलगी शहरात एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. "डॉक्टरसाहेब, पोरीचं पोट दुखतंय, जेवण जात नाही, चार किलो वजन उतरलंय. एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या," वडील म्हणाले.

टॉनिक मागणाऱ्याला आधी तपासावे, असा माझा शिरस्ता आहे. पोट तपासले, मऊ होते, कुठे गाठ नाही, सूज नाही. रक्त-लघवी तपासून घेतली. हिमोग्लोबिन ९.८ निघाले, म्हणजे कमी. थायरॉईड, कावीळ, साखर सारे व्यवस्थित. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. पण नुसत्या रक्तक्षयाने पोटात असा गोळा येत नाही. म्हणून मी तिला नेहमीचा प्रश्न विचारला, "बाळ, दुखतं कधी? जेवणाआधी की नंतर?"

ती जरा थांबून म्हणाली, "काका, बुधवारी."

तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये बुधवारी दुखणारे पोट मी पहिल्यांदाच पाहत होतो. वडिलांना गिऱ्हाईक खोळंबले असेल म्हणून गिरणीवर पाठवले आणि मग मुलगी बोलू लागली. दर गुरुवारी सकाळी त्यांच्या विभागात जर्नल क्लब असतो. एका विद्यार्थ्याने नवा शोधनिबंध वाचायचा आणि उभे राहून सर्वांना इंग्रजीतून समजावून सांगायचा. त्यातल्या कुणालाही प्रश्न विचारण्याची मुभा. आपला नंबर असो वा नसो, बुधवारी दुपारपासून हिच्या पोटात कालवाकालव सुरू होई. रात्री झोप नाही, सकाळी मळमळ, छातीत धडधड, आणि चहाशिवाय पोटात काही जात नसे. ज्या दिवशी तिचा नंबर आला त्या दिवशी एका निबंधातील 'कंट्रोल ग्रुप' म्हणजे 'ज्यांची शुगर कंट्रोलमध्ये आहे असे पेशंट' असे तिने सांगितले. वर्ग हसला. शिकवणाऱ्यांनी विचारले, "तुला पेपर समजला नाही, की इंग्रजी?"

या प्रश्नाचे उत्तर तिला त्या दिवशी देता आले नाही. ते आधी शोधू आणि मग टॉनिकचे बघू, असे मी तिला म्हटले.

आता थोडे पोटाविषयी, कारण हे सदर आरोग्याचे आहे. भीती वाटली की शरीरात ॲड्रिनॅलिन आणि तत्सम संप्रेरके वाढतात. नाडी जलद होते, तळहातांना घाम सुटतो, पचनाचे काम मागे पडते. कुत्रा मागे लागला तर हे उपयोगाचेच आहे. पण कुत्रा दर आठवड्याला ठरलेल्या वारी येऊ लागला तर पोट आदल्या दिवसापासूनच तयारीला लागते. हे 'मनाचे खेळ' नव्हेत, दुखणे खरेच असते. रात्रभर जागून पाठ केलेले सकाळी आठवत नाही यालाही कारण आहे. दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते, आणि झोपच घेतली नाही तर ते अर्धवट राहते. त्या मुलीचा बुधवारचा सहा कप चहा मी आधी दोनवर आणला.

पण खरा आजार होता इंग्रजीचा. या आजाराचा मी जुना रोगी आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मेडिकलला गेलो. शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या तासाला वही कोरी राहिली होती. आमच्यातल्या एकाने वॉर्डात 'ॲब्डोमेन इज टेंडर' हे वाक्य ऐकून मला हळूच विचारले होते, "पोटाचं टेंडर कुणी काढलं रे?" टेंडर म्हणजे दाबल्यावर दुखणारे, हे आम्हाला पुढे पेशंटच्याच विव्हळण्यातून कळले.

लोकांना वाटते की वैद्यकीय इंग्रजी अवघड असते ते त्यातल्या लांबलचक शब्दांमुळे. माझा अनुभव उलटा आहे. लांब शब्द गरीब स्वभावाचे असतात. 'हिपॅटोस्प्लेनोमेगॅली' हा शब्द पाहून छाती दडपते, पण शाळेत समासाचा विग्रह करतो तसा तो सोडवावा. हिपॅट म्हणजे यकृत, स्प्लेन म्हणजे प्लीहा, मेगॅली म्हणजे वाढ. यकृत आणि प्लीहा वाढली, संपले. ग्रीक-लॅटिनचे असे शंभर-दीडशे तुकडे पाठ केले की पाठ्यपुस्तकातले बहुतेक राक्षस माणसाळतात. (मराठीत 'यकृतप्लीहावृद्धी' म्हटले तर ते आमच्या गिरणीवाल्यांना जास्त कळेल, असा माझा समज नाही.) सांभाळायचे ते जुळ्या भावंडांना. 'हायपो' म्हणजे कमी आणि 'हायपर' म्हणजे जास्त. आपल्याकडे दोन्हींचा उच्चार सारखाच होतो, आणि एकात साखर द्यायची असते तर दुसऱ्यात उतरवायची.

घात करतात ते छोटे, ओळखीचे शब्द. त्यांचा अर्थ आपल्याला येतो असे वाटते, म्हणून आपण शब्दकोश उघडत नाही. 'कंट्रोल' हा त्यातलाच. शोधनिबंधात कंट्रोल ग्रुप म्हणजे तुलनेसाठी घेतलेला गट, ज्याला नवे औषध दिलेले नाही. आपण रोज 'शुगर कंट्रोलमध्ये आहे' म्हणतो, त्यामुळे मुलीची चूक अगदी मराठी चूक होती. फोनवरच्या भाषांतराने तिला 'नियंत्रण गट' असे दाखवले आणि तिची समजूत आणखी पक्की झाली.

असे शब्द तुमच्या-आमच्या घरातल्या रिपोर्टांतही असतात, म्हणून वाचकांनी हा विद्यार्थ्यांचा विषय समजून पान उलटू नये. माझ्याकडे एक शिक्षिका लघवीच्या जंतुसंसर्गासाठी आल्या होत्या. कल्चर रिपोर्ट पाहून औषध लिहून दिले. दोन गोळ्या घेऊन त्यांनी ते बंद केले, कारण रिपोर्टात त्याच औषधापुढे 'सेन्सिटिव्ह' असे छापले होते. आपल्याला त्या औषधाची ॲलर्जी आहे, असे त्यांनी वाचले. वास्तविक त्याचा अर्थ, तुमच्या लघवीतला जंतू या औषधाने मरतो. चौथ्या दिवशी त्या थंडी वाजून ताप भरलेल्या अवस्थेत परत आल्या. दुसऱ्या एका घरात सुनेच्या एक्स-रेच्या चिठ्ठीवर मीच 'रूल आऊट टी.बी.' असे लिहिले होते. याचा अर्थ, टी.बी. नाही ना याची खात्री करून घ्या. कॉलेजात जाणाऱ्या धाकट्या दिराने चिठ्ठी वाचली, त्यातला 'टी.बी.' तेवढा उचलला, आणि एक्स-रे निर्दोष येऊनही त्या मुलीचे ताट-वाटी-पेला आठ दिवस वेगळे होते. तेव्हापासून मी चिठ्ठी देताना ती मराठीत वाचून दाखवतो.

पुढच्या रविवारी मुलगी तिचा निबंध घेऊन आली. आम्ही दोघांनी पेन्सिल घेऊन फक्त छोटे शब्द शोधले. 'मे', 'माइट', 'सजेस्ट्स', 'असोसिएटेड विथ', 'हाउएव्हर'. तिने ते सगळे गाळून वाचले होते, खडे निवडून भात करावा तसे. खरे तर निबंधाचा जीव त्या खड्यांतच असतो. मी तिला म्हटले, हे इंग्रजी तुला मराठीतून येतेच आहे. ताप आलेल्या मुलाविषयी आपण काय बोलतो ते बघ. टायफॉईड आहे. टायफॉईडच असावा. टायफॉईड असेल. टायफॉईड असू शकेल. टायफॉईड नाहीच असे म्हणता येत नाही. खात्रीच्या या पाच पायऱ्या आहेत, आणि कुठल्या पायरीवर डॉक्टर उभा आहे ते आपल्या आजीलाही ऐकून कळते. इंग्रजी शास्त्रज्ञ याच पायऱ्या 'इज', 'इज लाइकली टू बी', 'मे बी', 'माइट बी', 'कॅनॉट बी रूल्ड आऊट' अशा चढतो-उतरतो. आपल्याकडच्या 'म्हणे'लासुद्धा जोड आहे, 'इज रिपोर्टेड टू'. 'असोसिएटेड विथ' याचा अर्थ मात्र 'मुळे' असा कधीही करू नये. ज्या दिवशी रस्त्यावर छत्र्या जास्त दिसतात त्या दिवशी चिखलही जास्त असतो, पण चिखल छत्र्यांनी केलेला नसतो.

हे सारे बारकावे परीक्षेपुरते आहेत, असे कुणाला वाटेल. म्हणून अमेरिकेतली एक घटना सांगतो. १९८० च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात पोर्टर आणि जिक या बोस्टनच्या दोघांचे एक पत्र छापून आले. पत्र केवळ पाच वाक्यांचे. रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या ११,८८२ रुग्णांना अफूच्या वर्गातले वेदनाशामक किमान एकदा दिले गेले, त्यांच्यापैकी आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्या फक्त चौघांत व्यसन लागल्याची बऱ्यापैकी नोंद सापडली, असा त्याचा आशय होता. यातला 'रुग्णालयात दाखल' हा शब्द महत्त्वाचा. तिथे औषध नर्सच्या हातून, मोजून मिळते. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्या पत्रात अक्षर नव्हते. पण पुढे कित्येकांनी त्याचा हवाला देऊन लिहिले की या औषधांचे व्यसन क्वचितच लागते. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी हे हवाले मोजले. एकूण ६०८ लेखांत त्या पत्राचा उल्लेख होता. त्यांपैकी ४३९ लेखांनी व्यसन दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणून ते वापरले, आणि ४९१ लेखांनी रुग्ण दाखल असलेले होते हे सांगितलेच नाही. दरम्यान १९९० च्या दशकापासून तिकडे या गोळ्यांचा सुळसुळाट झाला. १९९९ ते २०२१ या काळात या वर्गातल्या द्रव्यांच्या अतिमात्रेने, बेकायदा माल धरून, अमेरिकेत सहा लाखांहून अधिक माणसे दगावली. एवढ्या अनर्थाचे खापर एका पत्रावर फोडणे बरोबर नाही. औषध कंपन्यांचा प्रचार होता, इतरही कारणे होती. पण ज्यांनी तो एक शब्द गाळला त्यांत इंग्रजी मातृभाषा असलेले, मोठ्या पदव्यांचे लोक होते. तेव्हा उत्तम इंग्रजी म्हणजे फाडफाड बोलणे, हा आपल्याकडचा समज डोक्यातून काढून टाकावा.

अमेरिकेवर बोट दाखवताना माझेही सांगितले पाहिजे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत निमेसुलाइड हे तापाचे औषध लहान मुलांना सर्रास दिले जात असे. मीही लिहीत होतो. औषध प्रतिनिधीने दिलेल्या गुळगुळीत, रंगीत पत्रिकेत दुष्परिणामांच्या बाबतीत 'नो सिग्निफिकंट डिफरन्स' असे मोठ्या अक्षरांत होते. मी ते 'फरक नाही' असे वाचले. निबंधाच्या इंग्रजीत 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचा नव्हे. मुळात फरकच नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता सामान्यतः पाच टक्क्यांहून कमी असेल, तर त्याला सिग्निफिकंट म्हणतात. मोजकीच मुले घेऊन अभ्यास केला तर खरा फरकही त्या गाळणीतून निसटतो. 'फरक सिद्ध झाला नाही' आणि 'फरक नाही' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पत्रिकेच्या तळाशी मुलांची संख्या बारीक अक्षरांत होती, ती मी पाहिलीसुद्धा नाही. यकृतावरील दुष्परिणामांच्या तक्रारींनंतर २०११ साली केंद्र सरकारने बारा वर्षांखालील मुलांसाठी त्या औषधावर बंदी घातली. माझ्या कुणा बालरुग्णाला इजा झाल्याचे कानावर आले नाही. कानावर न येणे म्हणजे न होणे नव्हे, हेही त्याच व्याकरणातले आहे.

पुढचे रविवार आम्ही वाक्यांच्या मागे लागलो. निबंधांत नामांची आगगाडी असते. 'मल्टिड्रग रेझिस्टंट ट्युबरक्युलोसिस ट्रीटमेंट आउटकम' अशा पाच डब्यांच्या गाडीत कुठून चढायचे, हे तिला कळत नसे. मी तिच्यापुढे आपलेच वर्तमानपत्र ठेवले. 'जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक कर्मचारी पतसंस्था निवडणूक निकाल' हे शीर्षक ती सहज वाचते. इथे मुख्य शब्द शेवटचा, निकाल. कशाचा? निवडणुकीचा. कुणाच्या? पतसंस्थेच्या. तसेच तिकडेही शेवटून सुरुवात करावी. निष्पत्ती, कशाची? उपचारांची, कशावरच्या? अनेक औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावरच्या. कर्मणी प्रयोगाचेही तसेच. 'सॅम्पल्स वेअर कलेक्टेड' यातला कर्ता कुठे गेला म्हणून ती अडे. अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन करण्यात आले, उपस्थितांचे आभार मानण्यात आले, असे आपण रोज वाचतो, तेव्हा कुठे अडते?

निबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कादंबरीसारखा वाचू नये, हेही तिला कुणी सांगितले नव्हते. बहुतेक शोधनिबंधांचे चार भाग असतात, प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा. सारांशावर नजर टाकून थेट तक्ते पाहावेत, किती माणसे, कुठली, किती दिवस, हे पद्धतीच्या भागातून टिपावे, आणि लेखकांची चर्चा शेवटी वाचावी. लेखक कितीही प्रामाणिक असला तरी चर्चेत थोडी वकिली येतेच. 'हाउएव्हर' दिसले की थांबावे, तिथे गाडी रूळ बदलते. सरावाला साहित्य फुकट आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातून १९५५ पासून निघणारे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' आणि १९१३ पासूनचे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' ही दोन्ही इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यांतले रोग आणि रोगी आपल्या ओळखीचे असतात, त्यामुळे अर्धी वाट आधीच सरलेली असते. रोज वीस मिनिटे, एकच सारांश. वाचून झाला की पान मिटायचे आणि तो आईला सांगावा तसा मराठीत एका दमात सांगायचा. सांगता आला तर पेपर समजला. मग तेच इंग्रजीत, आपल्या साध्या वाक्यांत लिहायचे.

ही शेवटची सवय आणखी एका संकटातून वाचवते. इंग्रजीची भीती असलेली मुले प्रबंध लिहिताना दुसऱ्याची वाक्ये उचलतात आणि दोन-चार शब्द बदलतात. त्यांत लबाडी कमी आणि धास्ती जास्त असते. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साधर्म्य चालते, त्याच्या वर गेले की प्रबंध दुरुस्तीसाठी परत येतो आणि प्रकरण फार पुढे गेले तर नोंदणी रद्द होण्यापर्यंत जाते. पान मिटून लिहिले की वाक्य आपोआप आपले होते, मग ते थोडे ओबडधोबड का असेना.

सगळे मराठीतच शिकवा म्हणजे भानगड मिटेल, असे काही वाचक म्हणतील. २०१७ पासून 'नीट' परीक्षा मराठीतून देता येते आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशात एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाच्या तीन विषयांची हिंदी पुस्तके निघाली. माझा याला विरोध नाही. पाया मातृभाषेत पक्का होतो. पण जगातले नवे संशोधन बहुतांशी इंग्रजीत येते आणि प्रत्येक निबंधाचे भाषांतर होईपर्यंत रोगी थांबत नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टरीची पदवी घेतली तेव्हा प्रबंधाचा विषय आपल्याकडच्या प्रसूतिशास्त्राचा निवडला आणि तो लिहिला इंग्रजीत. दोन्ही हात वापरले.

पालकांना मात्र एक विनंती आहे. बारावीला नव्वद टक्के मिळवलेले मूल पहिल्या सहामाहीत गप्प होऊ लागले, सुट्टी संपताना आजारी पडू लागले, फोनवर 'सगळं ठीक आहे' एवढेच सांगू लागले, तर 'इतका पैसा खर्च केला' हे वाक्य त्या वेळी काढू नये. 'नेमकं काय वाचायला अडतं?' असे विचारावे. झोप, भूक आणि बोलणे तिन्ही आटले असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर इंग्रजीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. १४४१६ हा सरकारचा 'टेलि-मानस' मदत क्रमांक आहे. तो चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो.

गिरणीवाल्यांच्या मुलीचे हिमोग्लोबिन तीन महिन्यांत साडेअकरावर आले, दीड किलो वजन परत मिळाले. बुधवारी अजून थोडे दुखते म्हणते, पण जेवते. फेब्रुवारीत तिने पुन्हा एक निबंध मांडला. शिकवणाऱ्यांनी एक प्रश्न विचारला, तो समजला नाही तेव्हा "सर, प्रश्न पुन्हा सांगा" असे ती म्हणाली. वडील अधूनमधून टॉनिकची आठवण करून देतात.

छोट्या शब्दांची तिने एक वही केली आहे, परवा दाखवायला आणली होती. दोनशे अकरा शब्द झाले आहेत. दोनशे बारावा 'ऑलबीइट' असा होता, त्याचा अर्थ तिने मला विचारला. मी शब्दकोश काढला.